मदत हवी आहे : काउंटरवर उभं राहिलं की ‘डू’, ‘डिड’, ‘हॅव’चा गोंधळ होतो

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चिंचवडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, दोन महिने झाले. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर मी शाळेतून बाहेर. मराठी-हिंदीवर बरंचसं निभतं, पण सकाळी सात ते दहाच्या गर्दीत चार-पाच जण तरी फक्त इंग्रजी बोलणारे असतात.

ॲम-इझ-आर, डू-डझ-डिड, हॅव-हॅझ-हॅड हे सगळं मला रामरक्षेसारखं पाठ आहे. पण समोर माणूस आला की त्यातलं कुठलं उचलायचं तेच सुचत नाही. गेल्या आठवड्यात फास्टिंग शुगरला आलेल्या एका बाईंना विचारलं, ‘आर यू ईट?’ त्या म्हणाल्या, ‘सॉरी?’ मी आणखी मोठ्याने, ‘आर यू ईट?’ शेवटी हाताने घास तोंडाशी नेऊन दाखवला. परवा ‘व्हेन डिड यू केम?’ म्हणाले, तर सॅम्पल घेणारा मुलगा दिवसभर तेच वाक्य म्हणत फिरत होता.

तक्ते नकोत, ते वहीत आहेत. बोलताना कुठलं ‘हेल्पिंग’ घ्यायचं हे पटकन ओळखायची काही युक्ती आहे का? क्लासची फी सध्या परवडणार नाही.

प्रतिसाद १

ताई, युक्ती आहे आणि ती तुमच्या मराठीतच आहे. वाक्य आधी मराठीत नीट ऐका, मुख्य म्हणजे त्याचं शेपूट.

‘तुम्हाला डायबेटिस आहे का’ यात खाणं-जाणं असं कुठलंच काम नाही, नुसतं ‘आहे’. तिथे ‘आर यू डायबेटिक?’ ‘रोज गोळी घेता का’ यात काम आहे आणि ‘आहे’ नाही, म्हणून ‘डू यू टेक अ टॅब्लेट एव्हरी डे?’ ‘रात्री किती वाजता जेवलात’ हे होऊन गेलेलं, म्हणून ‘व्हॉट टाइम डिड यू ईट लास्ट नाइट?’

आता तुमचं अडलेलं वाक्य. आपण ‘काही खाल्लंय का’ म्हणतो. ते फोडा : खाल्लं आहे. काम झालेलं, आणि मागे ‘आहे’ लपलेलं. तिथे ‘हॅव यू ईटन एनीथिंग?’ लपलेला ‘आहे’ चालू कामामागे असेल, म्हणजे ‘सध्या कुठलं औषध घेताय’, तर ‘आर यू टेकिंग एनी मेडिसिन?’ ‘आर यू ईट’मध्ये तुम्हाला ‘आहे’ ऐकू आला होता, फक्त तो ‘खाल्लं’च्या मागचा आहे हे निसटलं.

दोन ठिकाणी ही युक्ती दगा देते. एक, आपल्याकडे ‘हॅव’सारखं क्रियापदच नाही. ‘जुना रिपोर्ट आहे का’ला ‘आर यू ओल्ड रिपोर्ट’ म्हणाल तर घास दाखवूनही भागणार नाही! वस्तू जवळ असणं म्हणजे ‘डू यू हॅव द ओल्ड रिपोर्ट?’ दुसरं, आपण ‘मी कालच आलोय’ बिनधास्त म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आलं की ‘हॅव’ला जागा नाही, तिथे ‘आय केम यस्टरडे’.

प्रतिसाद २

‘डिड यू केम’ची चूक आम्ही सगळ्यांनी केलीय, त्या मुलालाही विचारा. भूतकाळाचं ओझं एकानेच उचलायचं. ते ‘डिड’ने घेतलं की ‘कम’ मोकळा. ‘डझ’चंही तसंच : ‘डझ शी टेक इन्सुलिन’, ‘टेक्स’ नाही.

प्रतिसाद ३

मी या फोडाफोडीच्या विरोधात आहे. सकाळी आठला रांग लागलेली असताना शेपूट कोण शोधणार? काउंटरवर फार तर वीसेक वाक्यं फिरतात. ती लिहून काढा आणि घरी भांडी घासताना मोठ्याने म्हणा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. आपला मान ‘तुम्ही’त आणि ‘थांबाल का’च्या ‘ल’मध्ये असतो. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे तो मान ‘कुड’ आणि ‘वुड’कडे गेला. नुसतं ‘वेट’ म्हणजे ‘थांब’. ‘कुड यू वेट फॉर टेन मिनिट्स, प्लीज?’ म्हणजे ‘दहा मिनिटं थांबाल का’. ‘मे आय हॅव युअर नेम?’, ‘वुड यू लाइक द रिपोर्ट ऑन व्हॉट्सॲप?’ ही दोन उद्यापासूनच वापरा.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ‘हॅव यू ईटन एनीथिंग?’ तिघांना विचारलं, तिघांनाही कळलं. एक आजोबा म्हणाले, ‘नो, आय हॅवन्ट. जस्ट टी.’ साखरेचा चहा पिऊन आले होते, त्यांना उद्या उपाशीपोटी यायला सांगितलं. तेही इंग्रजीत : ‘यू विल हॅव टू कम टुमॉरो.’ हे बरोबर आहे ना? आणि गर्दी ओसरल्यावर आमच्या मॅडम मला म्हणाल्या, ‘हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट?’ हे दोनदा ‘हॅव’ कशाला?

प्रतिसाद १

वाक्य अगदी बरोबर. ‘हॅव टू’ म्हणजे ‘यावं लागेल’मधलं ‘लागेल’.

मॅडमच्या वाक्यात पहिला ‘हॅव’ मदतनीस आणि दुसरा ‘हॅड’ म्हणजे प्रत्यक्ष खाणं. आपण नाही का म्हणत, ‘ते शिळं टाकून टाक’? त्यातलं पहिलं टाकणं खरं, दुसरं मदतीला. आपला मदतनीस मागून येतो, त्यांचा पुढे चालतो, एवढंच. बाकी नाश्ता झाला होता की नाही?

धागा काढणारी

नो, आय हॅवन्ट. जस्ट टी :)