मदत हवी आहे : दुसऱ्यांची घरं विकतो, स्वतःच्या घराच्या टॅक्सवर अडलोय

डोंबिवलीत फ्लॅटची दलाली करतो. लेकीच्या गॅदरिंगच्या दिवशीसुद्धा मी गिऱ्हाईकाला कुठल्यातरी फ्लॅटचं कुलूप उघडून देत होतो. आता स्वतःचाच वन बीएचके विकतोय. 2009 साली 22 लाखांना घेतलेला, सौदा 68 लाखांत ठरलाय. खरेदी 23 जुलै 2024 पूर्वीची, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) 20 टक्के किंवा त्याशिवाय 12.5 टक्के, जे कमी ते. एवढं कळतं. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर सूट, तेही.

पण जुनं घर दोघांच्या नावावर आहे. नवं एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, तर माझ्या वाट्याची सूट जाईल का? आणि ओटा बदलल्याच्या बिलांवरची शाई पार उडालीय, त्या खर्चाचा पुरावा म्हणून बँकेच्या नोंदी चालतील का? "जगाला सल्ले देता ना?" असं ही रोज चहाबरोबर ऐकवते.