पलीकडे आपलं माणूस, मधे विमानतळ: तुमचे अनुभव लिहा

नवरा एका खंडात आणि बायको दुसऱ्या, अशी घरं आता आपल्या ओळखीत ढिगाने आहेत. कोणी शिकायला गेलंय, कोणी प्रोजेक्टवर, कोणी बोटीवर, कोणी लेकीच्या बाळंतपणाला. भेटीची तारीख ठरते, बॅगा भरून होतात आणि नेमकं विमानतळावर काहीतरी अडतं. माझं निरीक्षण असं की विमान हवेत असताना फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते सांध्यांत. दोन तिकिटांच्या मधे, दोन टर्मिनलांच्या मधे, पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव यांच्या मधे. म्हणून इथे नुसतं 'फार हाल झाले' नको. काय अडलं आणि कोणामुळे सुटलं, ते तपशिलात लिहा. कंपन्यांची नावं मात्र टाळू या, नाहीतर धाग्याची तक्रारपेटी होते.

सुरुवात मी करते. १९ जुलै २०२४, शुक्रवार. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे त्या दिवशी जगभरचे विंडोज संगणक निळे पडले. माझं पुणे-दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्ली-शिकागो दुसऱ्या. लोहगावला काउंटरवरची मुलगी बॉलपेनने बोर्डिंग पास लिहीत होती. माझ्या पासवर तिने ७ असा काढला होता की आसन १७ की ११, यावर विमानात चर्चासत्र झालं.

तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून मी मधे भरपूर तास ठेवले होते. ते लोहगावलाच संपत आले. इथून त्या दुसऱ्या कंपनीचा फोन लागेना. शेवटी नवऱ्याने शिकागोतून त्यांच्या तिथल्या नंबरवर फोन केला, तिकडे सकाळ होती, लगेच लागला. उत्तर मिळालं की विमान त्यांचंही उशिरा आहे, काउंटर एक तास आधी बंद होईल, त्याआधी पोचा. दिल्लीच्या टर्मिनल १चं (टी-१) छत जूनअखेर कोसळल्यामुळे तिथली उड्डाणं टी-२ आणि टी-३ला हलवलेली होती, म्हणून मी टी-२ला उतरले. तिथून टी-३ला ट्रॉली ढकलत चालत जाता येतं. मी चालले नाही, पळाले. मिळालं विमान.

आता तुम्ही लिहा.

नागपूर, सध्या कॅल्गरी

लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे निघाले होते. तिकीट त्यानेच तिकडून काढलं, तेही हौसेने, माझ्या नावापुढे त्याचं नाव आणि आडनाव लावून. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, व्हिसाही त्याच नावाचा. मुंबईला काउंटरवरच्या मुलाने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत."

मी पर्समधून विवाह नोंदणीचा दाखला काढला. त्याने नम्रपणे परत दिला. एखाद्या अक्षराचा फरक असता तर दुरुस्ती झाली असती, पण मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं की सिस्टीमच्या लेखी प्रवासीच बदलतो. त्यातून तिकीट एका वेबसाइटवरून काढलेलं. कंपनी म्हणे एजंटकडे जा, एजंटचा इथला नंबर रात्री बंद. मुंबईत दीड वाजला होता, कॅल्गरीत दुपारचे दोन. नवरा ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एजंटच्या कॅनडातल्या नंबरवर किल्ला लढवत होता. त्या रात्रीचं विमान गेलंच. जुनं तिकीट रद्द करून दुसऱ्या रात्रीचं योग्य नावाने निघालं, फरकाचे पैसे भरून.

मधला दिवस अंधेरीला मावशीकडे. तिने तेवढ्यात माझी बॅग उघडून दोन किलो काढलं आणि तीन किलो भरलं. कॅल्गरीला नवरा माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. माहेरचं नाव, स्पेलिंगसकट.

नव्या नवऱ्यांसाठी सूचना: लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. बदलायचंच असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी बदलून घ्या.

सांगली / मस्कत

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत भरू नका. त्यात तेल इतकं असतं की ते ज्वालाग्राही मालात धरतात. माझी बॅग स्कॅनरमधून बाजूला काढली, मला नावाने पुकारून बोलावलं, आणि गेटवरून उलट्या पावली धावत जाऊन मी सगळ्यांसमोर ती उघडली. वाट्या टाकायच्या डब्यात आधीच अनेकांच्या आयांचं खोबरं पडलेलं होतं. पॉवर बँकेचंही तसंच, ती हातातल्या बॅगेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. हे काउंटरवर विचारतात तेव्हा आपण 'नाही नाही' म्हणून मोकळे होतो.

मेलबर्न

खोबऱ्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही आहे ते उतरताना भरायच्या कार्डावर लिहा. सासूबाईंनी नवऱ्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे दिले होते. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या भीतीने आपल्याकडचे दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. मी 'हो' वर खूण केली होती म्हणून पेढे गेले एवढंच, दंड नाही. शेजारच्या काउंटरवर न सांगितलेलं काहीतरी सापडलं होतं, तिथे आवाज चढलेला होता. थालीपिठाची भाजणी त्या अधिकारीणबाईंनी हलवून, हुंगून पाहिली आणि दिली. नवऱ्याला पेढ्यांचं कळल्यावर त्याने पहिली दहा मिनिटं माझ्याऐवजी पेढ्यांची चौकशी केली, ती मी विसरलेले नाही.

बार्शी

आमची सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी आधीच टोरांटोला गेली होती. मी शाळेतून निवृत्त. मागाहून एकटाच निघालो, पहिलाच परदेश प्रवास, दुबईमार्गे. तारीख १६ एप्रिल २०२४. ज्यांना आठवतं त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. तिथे १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यांतला सर्वांत मोठा पाऊस त्या दिवशी झाला. आम्ही बार्शीची माणसं, आयुष्यभर पावसाची वाट पाहिली, आणि मला पावसाने गाठलं ते वाळवंटात. गावात हे सांगितलं की लोकांना अजून पटत नाही.

विमानं पाण्यातून चालत होती, ती चित्रफीत नंतर सगळ्यांनी पाहिली. आतलं कमी जणांनी पाहिलं. फलकावर एकेक उड्डाण लाल होत गेलं. चौकशीची रांग इतकी लांब की तिचं शेंडा-बूड कळेना. काही देशांच्या पासपोर्टवर लोक बाहेर पडून हॉटेल शोधायला गेले, आपल्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय बाहेर पडता येत नाही. मोठी बॅग विमानाच्या पोटात, ती मिळणार नाही असं सांगितलं. मग जमिनीवरच पथारी. मला जमिनीवर झोपायची सवय आहे, शेजारच्या केरळच्या गृहस्थांना नव्हती. त्यांची अडचण वेगळीच होती, इन्सुलिन मोठ्या बॅगेत. मला मधुमेहाच्या गोळ्या आहेत, पण सौ.ने निघायच्या आदल्या रात्री फोनवर तीनदा वदवून घेतलं होतं, "गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत, चिठ्ठीसकट." मी वैतागलो होतो. त्या गृहस्थांना घेऊन विमानतळावरचा दवाखाना शोधला, तो असतो, कोणालाही विचारा, दाखवतात. तिथे त्यांची सोय झाली. त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी फोनमध्ये होती, म्हणून लवकर झाली.

तिकिटाचं काम रांगेत झालंच नाही. लाहोरच्या एका पोराने मला त्याचं चार्जर दिलं आणि सांगितलं, "चाचा, रांगेत राहा पण घरच्यांना ऑनलाइन बघायला सांगा." मुलगी नऊ महिन्यांची अवघडलेली, लॅपटॉप घेऊन बसली, आणि मी खिडकीपाशी पोचायच्या आत तिने दुसऱ्या दिवशीच्या विमानात माझी जागा बदलून घेतली. तरी मी रांग सोडली नाही. शिक्षकाला रांग सोडवत नाही.

पुणे / लिस्बन

ती लिस्बनला पीएच.डी. करते, मी पुण्यात. लग्न झालेलं नाही, त्यामुळे अर्जांवर 'नातं' या रकान्यापाशी नेहमीच थबकायला होतं. असो.

मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन, एकच तिकीट, युरोपीय कंपनी. फ्रँकफर्टहून रात्री साडेनऊचं विमान तांत्रिक बिघाडामुळे रखडलं. पावणेअकराला आम्हाला आत बसवलं, पट्टे बांधले, आणि वैमानिकाने सांगितलं की आता निघता येणार नाही. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदी आहे, आसपासच्या लोकांच्या झोपेसाठी. उशीर कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर थोडी सवलत मिळू शकते. बिघडलेला पंप त्यात बसत नाही. सगळे खाली. ती लिस्बन विमानतळावर वाट बघत बसलेली, तिला शेवटची मेट्रो गाठायला परत पाठवलं.

उपयोगाचा भाग पुढे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अशा वेळी जेवण आणि हॉटेल ही कंपनीची जबाबदारी आहे, कारण काहीही असो. मागावं लागतं. आणि ३,५०० किलोमीटरच्या वरचा प्रवास असेल, चूक कंपनीकडची असेल आणि मुक्कामी तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलात तर ६०० युरोपर्यंत भरपाई. अंतर मुंबईपासून धरतात, कारण तिकीट एक होतं. मी अर्ज केला. उत्तर आलं, 'हवामान'. मी वैमानिकाची घोषणा त्याच वेळी तिला मेसेजमध्ये शब्दशः लिहून पाठवली होती, तिचा स्क्रीनशॉट जोडला. बऱ्याच महिन्यांनी पैसे आले. बॅगेची तक्रार असेल तर तीही लेखी, विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी, आणि तिचा क्रमांक घेऊनच निघायचं.

बॉस्टन

फ्रँकफर्टचं निघालंय म्हणून. अमेरिकेचा व्हिसा हातात आहे, युरोपात फक्त विमान बदलायचंय, म्हणून मैत्रिणीला नवऱ्याने स्वस्त तिकीट काढून दिलं: मुंबई-म्युनिक-फ्रँकफर्ट-बॉस्टन. म्युनिक ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला प्रवास, म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश, म्हणजे शेंगेन व्हिसा. मुंबईलाच अडवलं. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट गेले. नवरा अजून 'मी काढून देतो तिकीट' म्हणाला की ती विषय बदलते.

मडगाव

नवरा क्रूझवर असतो. बार्सिलोनाला बोट लागणार होती तेव्हा गेले. टॅक्सीवाल्याने सवयीने गाडी दाबोळीला नेली, माझं विमान मोपाहून. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी राज्याच्या मधे, मोपा पार उत्तरेच्या टोकाला. नवा झुआरी पूल नसता तर मी आज हे लिहिण्याऐवजी घटस्फोटाचे कागद वाचत असते. तिकिटावरची तीन अक्षरं बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

नैरोबी / नाशिक

माझी बायको नैरोबीत नोकरी करते. मी जाऊन-येऊन असतो. परतीच्या वाटेवर तिथल्या विमानतळाबाहेर रस्त्यावरच गाडीतून उतरून चालत तपासणीतून जावं लागलं. मी उतरलो, पलीकडे गेलो, खिसे चाचपले आणि पिवळं पुस्तक नाही. पीतज्वराच्या लसीचं. केनिया भारताच्या यादीत आहे, त्यामुळे मुंबईत उतरल्यावर ते दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. फोटो चालेल की नाही, यावर जुगार खेळायची माझी तयारी नव्हती. घरी बहिणीचं लग्न होतं.

बायको मला सोडून निघाली होती. मोम्बासा रोडवरची संध्याकाळची कोंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. तिने घरी फोन करून पुस्तक मोटरसायकलवाल्याच्या हाती वरच्या टोलच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत मागवलं, स्वतः वळून तिथे गेली आणि एक्सप्रेसवेने परत आली. कुंपणापाशी पुस्तक दिलं आणि आधी एवढंच म्हणाली, "मुंबईत दाखवून झालं की मला फोटो पाठव."

लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, हा नियम २०१६ पासून. पुस्तक पासपोर्टच्याच कव्हरमध्ये. आता तिने ते रबराने बांधून ठेवलंय.

बार्शी

सौ.ने वरचं सगळं वाचलं. तिचं म्हणणं, गोळ्या पिशवीत होत्या हे खरं, पण दुबईत मी त्या वेळेवर घेतल्या नव्हत्या, तेही लिहा. लिहिलं.