‘पैसे दिले ना, मग झालं!’ ही वृत्ती नेमकी येते कुठून?

चौकस
चंगळवादाने माणूस आपमतलबी झाला, या वाक्याला व्यासपीठावर हमखास टाळ्या पडतात. पण ते घडतं कसं, हे कुणी सांगत नाही. वस्तू विकत घेणं म्हणजे काही स्वार्थ नव्हे, मग गाडी घसरते कुठे? कुणी तपासून पाहिलं असेल तर सांगा, उपदेश नको.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. दहा-बारा घरांनी मिळून ड्रिल, शिडी, करवत अशी अवजारं सामाईक घ्यायची ठरवली, तर वापराला भाडं आणि उशिराला दंड ठेवावा का? अशा योजनेत वस्तू बिघडते आणि ती कुणी बिघडवली ते कळत नाही. ते का?

मोजपट्टी
दोन्ही प्रश्नांची नाळ एकच आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांवर युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २० आठवडे प्रयोग केला; निबंध २००० साली छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांची आधी ४ आठवडे नुसती नोंद ठेवली. मग १० पैकी ६ पाळणाघरांत दंड लावला : १० मिनिटांहून जास्त उशीर झाला की १० शेकेल. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला आणि साधारण दुपटीवर जाऊन थांबला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर खाली आला नाही.

आधी पालकांना वाटायचं, आपल्यामुळे बाई खोळंबल्या. दंड लागला आणि त्या खोळंब्याचा दर ठरला. दर भरला की ओशाळं वाटायचं कारण उरत नाही. तुमचं ‘पैसे दिले ना’ ते हेच. दंड गेल्यावरही जुनी लाज परतली नाही, हे मला दुपटीपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

मात्र यावरून ‘दंड कधीच चालत नाही’ असं काढू नका. तो दंड किरकोळ होता. जबर दंडाने लोक वेळेवर येतीलही, पण भीतीने. आणि मग नजर ठेवणारा माणूस कायमचा नेमावा लागतो.

खोडरबर
मोजपट्टींना +१. नुसत्या शब्दानेही फरक पडतो. २०१२ मध्ये मोनिका बाउअर, गेलन बोडनहाउझन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी लोकांपुढे एक काल्पनिक पाणीटंचाई ठेवली : वाचणारा धरून चौघांची एकच विहीर आणि पाणी आटत चाललेलं. काहींच्या मजकुरात त्या चौघांना ‘ग्राहक’ म्हटलं होतं, काहींच्या ‘व्यक्ती’. ‘ग्राहक’ वाचलेल्यांनी टंचाईची स्वतःवरची जबाबदारी कमी मानली, इतर तिघे पाणी जपून वापरतील यावर विश्वासही कमी दाखवला. विहीर तीच, पाणी तेवढंच.

मात्र एक इशारा. हा कागदावरचा प्रसंग आहे, खरी विहीर नव्हे. शिवाय ‘पैशांचं नुसतं चित्र दाखवलं की माणूस स्वार्थी होतो’ छापाचे काही गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासताना टिकलेले नाहीत. म्हणून शब्दाचा परिणाम मी दिशा म्हणून धरतो, माप म्हणून नाही. हैफाचा प्रयोग वजनदार आहे, कारण तिथे खरे पालक खऱ्या घड्याळावर मोजले गेले.

पान्हा
सगळं खापर ग्राहकाच्या डोक्यावर नको. विकणाऱ्यांनीही जबाबदारी फार हुशारीने ढकलली आहे. अमेरिकेत १९५३ साली ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी राहिली, तिच्यामागे बाटल्या-डबे बनवणाऱ्या आणि पेयं विकणाऱ्या कंपन्याही होत्या. संदेश असा की कचरा टाकणारा माणूस दोषी. एकदा वापरून फेकायची बाटली बाजारात कुणी आणली, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याआधीचं उदाहरण दिव्यांचं. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात बड्या बल्ब उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. तोवर १,५०० ते २,००० तास चालणारे बल्ब मिळत. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या सभासदाला दंड!

वस्तू उघडताच येत नसेल तर ती जपायची सवय लागणार कशी? म्हणून घेण्याआधी चार गोष्टी बघा : बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूने बसवलेली, स्क्रू साध्या पेचकसाने निघतात का, सुटे भाग किती वर्षं मिळणार, आणि नेहमी बिघडणाऱ्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या किती टक्के. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं झालं, ते अशाच निकषांवर.

कुलूपकिल्ली
आता अवजारांकडे. दर वापराचं भाडं ठेवू नका. भाडं दिलं की माणूस ते वसूल करायला बघतो आणि बोथट झालेलं पातं तसंच परत येतं. सुरुवातीला सगळ्यांची सारखी वर्गणी घ्या, त्यातला एक हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा.

बिघडवणारा सापडत नाही, कारण वस्तू कपाटात परत ठेवली जाते. ती हातोहात द्या : परत करणाऱ्याने पुढच्यासमोर चालवून दाखवायची, वहीत दोघांच्या सह्या. ड्रिलच्या हवेच्या फटींतून फार ठिणग्या दिसल्या किंवा ते मधेच बंद पडू लागलं, तर बहुधा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन ब्रश) झिजलेत. दोन्ही एकदम बदला. भोक पाडायचे बिट मात्र ज्याचे त्याने आणावेत, सामाईक बिट कुणीच धार लावून ठेवत नाही. गुंडाळीच्या एक्स्टेंशन वायरवर जड यंत्र चालवायचं तर वायर पूर्ण सोडायची, गुंडाळलेली तापते आणि वेष्टण वितळतं. हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

आणि दंड मोडण्याला नको, लपवण्याला ठेवा. मोडल्याबद्दल दंड असला की लोक गप्प बसतात, मग तडा गेलेली शिडी पुढच्याच्या पायाखाली जाते.

उशिरासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं चढत्या शिक्षेचं तत्त्व बघा (अर्थशास्त्राचं नोबेल, २००९, सामाईक कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी यांचा अभ्यास). पहिल्यांदा नुसता फोन, आणि तो चिटणिसाने नव्हे तर खोळंबलेल्या माणसानेच करायचा. दुसऱ्यांदा त्याची अवजार घ्यायची एक पाळी कापायची. तिसऱ्यांदा अनामत जप्त.

चौकस
पण अनामत म्हणजे पुन्हा दरच ना? ‘घ्या जप्त करून’ म्हणत कुणी ड्रिल ठेवूनच घेतलं तर?

कुलूपकिल्ली
म्हणूनच ती तिसरी पायरी. शिवाय अनामत वस्तूच्या किमतीहून कमी असेल तर तसं घडेलच. जप्तीबरोबर सभासदत्व संपतं आणि ड्रिल गटाचंच राहतं, हे सही घेतानाच लिहून घ्या.