वादळाची तयारी: खिडक्या, गच्ची आणि जेट्टीवरच्या होड्या

सचिव: वादळ किनाऱ्याला लागायला अंदाजे दोन दिवस आहेत. शिडीवरची, गच्चीवरची आणि जेट्टीवरची सगळी कामं उद्या अंधार पडायच्या आत आटपा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे "थोडं वारं सुटल्यावर बघू" असं करू नका. तेव्हा प्लायचा तुकडा हातात धरवत नाही.

बी-३०२: काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारायच्या का? सगळीकडे तसले फोटो फिरतायत.

ए-४०१: नको ताई, वेळ फुकट. पट्टीने काच मजबूत होत नाही. उलट फुटली की पट्टीला चिकटलेले मोठे धारदार तुकडे एकदम आत येतात. प्लाय लावा, १६ मिमी मिळाला तर उत्तम, १२ च्या खाली जाऊ नका. खिडकीच्या चारही बाजूंनी भिंतीवर १० सेंमी यायला हवा. स्क्रू ॲल्युमिनियमच्या चौकटीत मारू नका, भिंतीत अँकर (भोकात पसरून घट्ट बसणारा बोल्ट) घ्या, दर ३० सेंमीला एक. ड्रिल गिलावा ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ५ सेंमी गेलं पाहिजे. नुसत्या गिलाव्यात धरलेला अँकर पहिल्याच झोतात गिलाव्यासकट बाहेर येतो.

बी-३०२: आणि वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी उघडी ठेवायची म्हणतात, आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून?

ए-४०१: अजिबात नाही. छपरावरून वारा जातो तेव्हा छप्पर वरच्या बाजूला ओढलं जातं. घरात वारा शिरला की तो खालून ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेने लागले की छप्पर गेलंच. शिवाय वादळात वाऱ्याची दिशा फिरत राहते, मग "उलट बाजू" कुठली धरणार? सगळं बंद, आतल्या खोल्यांची दारंसुद्धा.

बंगला ५: माझ्या पत्र्याच्या शेडचं काय करू? वर वाळूच्या गोण्या टाकू का?

ए-४०१: गोण्या नको. पत्रा उचलला की त्या घरंगळून कुणाच्या तरी डोक्यावर. पत्रा कडेने आणि कोपऱ्यातून उचलायला सुरुवात होते, तेव्हा आधी कडेचे हुक बोल्ट तपासा. मध्ये पत्र्याची एक लाट सोडून बोल्ट चालतो, कडेला प्रत्येक लाटेवर हवा. बोल्ट शाबूत असतो, पण गंजलेल्या वॉशरभोवतीचं भोक मोठं झालेलं असतं आणि पत्रा त्यावरून निसटतो. वॉशर स्वस्तातली गोष्ट आहे, सगळे बदला. पन्हळीतला पाचोळाही काढा.

सचिव: गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरा. १००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, रिकामी म्हणजे फुगा. कुंड्या, खुर्च्या, डिश अँटेना, कपड्यांचे स्टँड खाली. झाडाच्या फांद्या तोडल्या असतील तर आवारात ढीग ठेवू नका, वादळात त्याच काचांवर येतात.

सी-१०३: काका, जेट्टीच्या होड्यांचं सांगा ना. दोर आवळून बांधू?

बंगला २ (काका): आवळून बांधलीस तर होडी गेली म्हणून समज. समुद्राची पातळी नुसत्या भरतीने चढत नाही. हवेचा दाब १ हेक्टापास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंमी फुगतं, ५० उतरला तर अर्धा मीटर. त्यावर वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी, आणि उधाणाची वेळ जुळली तर आणखी. आखूड दोर तेव्हा एकतर तुटतो, नाहीतर क्लीट (होडीवरचा दोर बांधायचा खुंटा) उपटतो, नाहीतर होडीची एक बाजू दाबून पाणी आत घेतो. दोर लांब घे, जेट्टीच्या लांबच्या खुंट्यांना, दुहेरी, आणि पुढून-मागून तिरके आडवे दोरही दे म्हणजे होडी मागेपुढे सरकणार नाही. नायलॉनच हवा, तो ताणला जातो आणि हिसका पचवतो.

बंगला २ (काका): आता मुख्य. दोर सहसा ताणाने नाही, घासून तुटतो. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे तो कडेवरून वळतो तिथे रात्रभर पुढेमागे करतो. तिथे जुना कापडी फायर होज किंवा जाड कॅनव्हास गुंडाळ, हातभर लांब, आणि दोन्ही टोकांना सुतळीने दोरालाच बांध, नाहीतर सरकून जातो. घट्ट रबरी नळी नको. नायलॉन ताणताना आतून तापतो. कापडातून पाणी झिरपून गार राहतो, बंद नळीत वितळतो.

सी-१०३: नांगरावर उभी असलेली मोठी?

बंगला २ (काका): खोली ४ मीटर, पाणी चढेल १.५, नाळेची उंची १. झाले ६.५. त्याच्या १० पट दोर सोड, म्हणजे ६५ मीटर, तळाशी चेन. बरेच जण आजची खोली धरून हिशोब करतात, मग पाणी चढलं की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उखडतो. अर्थात एवढा घेर फिरायला आजूबाजूला जागा पाहिजे.

डी-२०१: लहान फायबरची होडी वर ओढून ठेवली तर?

बंगला २ (काका): तेच सगळ्यात चांगलं. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर ओढा, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) काढून घरात न्या. जमिनीवर सपाट टेकलेली उघडी होडी असेल तर तळाचं बूच लावून पाणी भरा, वजनाने बसते. ट्रेलरवर असेल तर उलट: बूच काढा, नाहीतर पावसाच्या पाण्याच्या वजनाने ट्रेलरच्या स्प्रिंगा बसतील. चाकांना ठोकळे, आणि पट्टे जमिनीत गाडलेल्या खुंट्यांना.

सी-१०३: बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) ऑटोवर ठेवतो. पुरेल ना?

बंगला २ (काका): हिशोब कर. पंप ५ अँपिअर ओढतो, १०० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तर सलग १० तास. पण फ्लोटखाली (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) चिंधी अडकली तर शून्य तास, आधी तळ साफ कर. शीड गुंडाळून ठेवू नकोस, उतरव. छत, ताडपत्री, आतलं सगळं काढ. आणि रात्री होडीवर कुणी थांबायचं नाही, "दोर बघायला" म्हणूनही नाही.

ए-१०२: मध्येच वारा पडला तर बाहेर जाऊन बघून यायचं का?

ए-४०१: वादळाचा डोळा, म्हणजे मधला भाग, डोक्यावर आला तर अचानक शांत होतं, ऊनही पडू शकतं. मग त्याच जोराने उलट दिशेचा वारा येतो. म्हणूनच काका दोन्ही बाजूंनी दोर द्या म्हणतायत. वादळ ओसरल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत दार उघडायचं नाही.

सचिव: तळमजल्यासाठी: नहाणीच्या जाळीवर आणि कमोडमध्ये कापडाचा बोळा, वर वाळूची गोणी, कारण पाणी आधी तिथून उलटं वर येतं. गोण्या अर्ध्या ते दोन तृतीयांश भरा, विटांसारख्या सांधे चुकवून रचा, पाण्याच्या बाजूला प्लास्टिक. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून उभाच भिंतीला बांधा, अर्धवट भरलेला पाण्यावर तरंगतो आणि नळी तुटते. मेन स्विच कोरड्या पायांनी, आधीच बंद करा. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर, निदान तीन दिवसांचं.

बी-७०१: लिफ्टचं?

सचिव: तळमजल्यावर सोडायची नाही, खड्ड्यात पाणी भरलं की केबिनखालचे सेन्सर जातात. वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद. जनरेटर कुणी बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये चालवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) आधी भरून झाकणाच्या कडा सिलिकॉनने बंद करतोय. तरीही वादळानंतर ते पाणी तपासल्याशिवाय वर चढवणार नाही, तोवर गच्चीवरच्या टाकीवर भागवा.