'नियमशास्त्र' आणि 'सुवार्ता' यात नेमका फरक काय?

कॅम्पातली वाचक: लूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्या परंपरेतल्या ख्रिस्ती मंडळींच्या, उपदेशाबद्दल वाचताना सारखं येतं की नियमशास्त्र आणि सुवार्ता यांची सरमिसळ करू नये. मी आजवर धरून चालले होते की नियमशास्त्र म्हणजे जुना करार आणि सुवार्ता म्हणजे नवा. तसं नाहीये का? आणि 'शुभवर्तमान' म्हणजे पण तेच ना?

गुरुवार पेठ: नाही ताई, तसं नाही, आणि मला वाटतं हा घोळ आपल्या शब्दानेच घातलाय. 'नियमशास्त्र' म्हटलं की ग्रंथ डोळ्यांसमोर येतो, कारण मराठी बायबलात मोशेच्या पुस्तकांनाही तेच म्हणतात. लूथरचा जर्मन शब्द 'गेझेट्स' मात्र अगदी रोजचा, आपल्या 'कायदा'सारखा. देवाचं जे वचन माझ्याकडे काही मागतं आणि मी कुठे कमी पडलो ते दाखवतं ते नियमशास्त्र, आणि देवाने ख्रिस्तात माझ्यासाठी जे केलं ते जे वचन माझ्या पदरात टाकतं ती सुवार्ता, मग ते कुठल्याही करारात असो. म्हणून स्वर्गातल्या पित्यासारखे परिपूर्ण व्हा हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य नव्या करारातलं असूनही नियमशास्त्र, आणि यशयाचा ५३ वा अध्याय, जिथे देवाचा सेवक आपल्या पापांसाठी दुःख सोसतो, तो जुन्या करारातला असून सुवार्ता. शुभवर्तमान हे मत्तय, मार्क वगैरे पुस्तकांचं नाव, कॅथलिक मंडळी संदेशालाही तेच म्हणतात, अर्थ एकच, चांगली बातमी. आणि बातमी पाळायची नसते, ऐकायची असते.

उपदेश ऐकताना मी क्रियापदाकडे कान ठेवतो. 'करा', 'सोडा', 'पाहिजे' आलं की बहुतेक नियमशास्त्र, 'केलं', 'दिलं', 'झालं' आलं की बहुतेक सुवार्ता. पण एका ठिकाणी ही खूण फसते आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे, ते म्हणजे 'विश्वास ठेवा'. माझी आत्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होती, हाताला सलाईन, बोलायचं त्राण नाही, आणि भेटायला आलेले एकजण म्हणाले, "विश्वास कमी पडू देऊ नका हं." आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण जिच्यात काहीच उरलं नव्हतं तिच्याकडे त्यांनी अजून एक गोष्ट मागितली. संध्याकाळी आमचे म्हातारे पाळकसाहेब आले, स्टूल ओढून बसले, तिचा हात धरला आणि एवढंच म्हणाले, "बाई, येशूने तुमच्यासाठी सगळं केलंय. तुमच्या पापांची क्षमा झालीय." ती रडली, मग पाणी मागितलं.

मराठीत 'विश्वास ठेवणे' आहे तसं 'विश्वास बसणे' पण आहे, आणि लूथरचं म्हणणं या दुसऱ्याला फार जवळचं आहे. १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीच्या छोट्या पुस्तकात, तो म्हणतो की मी स्वतःच्या बुद्धीने किंवा ताकदीने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला सुवार्तेच्या द्वारे बोलावलं. म्हणजे ऐकता ऐकता विश्वास बसतो. अमेरिकेत सेंट लुइसला लूथरन धर्मशिक्षक वॉल्थर यांनी १८८४-८५ मध्ये विद्यार्थ्यांना याच विषयावर संध्याकाळची व्याख्यानं दिली, २५ मुद्दे, त्यातल्या एकात स्पष्ट आहे की विश्वासाला तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, अट करून टाकली तर वचनाची विभागणी चुकली, म्हणजे नियमशास्त्र आणि सुवार्ता यांची सरमिसळ झाली.

कोथरूडकर: मग नियमशास्त्र सांगूच नये का? आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला पौल 'विश्वास ठेव' असंच म्हणतो की, नव्या करारात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६.

गुरुवार पेठ: सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं. नियमशास्त्राने पापाची जाणीव होते, हे रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. उलट आपल्याकडे रविवारी जे ऐकू येतं ना, थोडे प्रयत्न करा बाकी देव समजून घेतो, त्यात दोन्ही बिघडतं, नियमशास्त्र इतकं सोपं होतं की कोणी मोडून पडत नाही आणि सुवार्ता इतकी अटींची की कोणी उठून उभं राहत नाही. १५७७ च्या लूथरन कबुलीजबाबात, म्हणजे आम्ही काय मानतो हे सांगणाऱ्या अधिकृत लेखात, म्हणूनच या फरकाला वेगळं कलम दिलंय.

तुरुंगाधिकाऱ्याचं म्हणाल तर तो तलवार उपसून जीव द्यायला निघालेला, थरथर कापत विचारतोय की तारणासाठी मी काय करू. त्याला पौल काम सांगत नाहीये. आई ताट वाढून 'जेव' म्हणते तेव्हा व्याकरणाने तो आज्ञार्थच असतो, पण स्वयंपाक झालेला असतो. पौलाचं 'ठेव' मी तसं वाचतो.

कॅम्पातली वाचक: 'बसणे' आणि 'जेव', दोन्ही लिहून घेतले. आत्यांचं वाचून माझ्या आईची आठवण आली. तिला पण शेवटी असंच कोणीतरी सांगायला हवं होतं.