ललित गद्य शिकवताना मुलं सारांशावरच थांबतात

प्रश्न: आठवीच्या वर्गाला ललित लेख आणि आत्मचरित्रातले उतारे शिकवायचे आहेत. ‘लेखकाला काय म्हणायचंय?’ विचारलं की मुलं सारांश लिहून मोकळी होतात. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: पूर्ण पाठ एकदम नको, २०० शब्दांचा उतारा पुरे. पहिलं वाचन मोठ्याने, पेन्सिल खाली. दुसऱ्या वाचनात पडताळता येईल अशा वाक्याखाली सरळ रेघ, लेखकाच्या मताखाली नागमोडी. काही वाक्यांखाली दोन्ही रेघा येतात. खरी चर्चा तिथेच रंगते, तिला वेळ द्या. मग एखादं विशेषण खोडून वाक्य पुन्हा वाचा आणि काय हरवलं ते विचारा.

उत्तर २: रेघा उत्तम. फक्त पुढे अलंकार ओळखण्यावर घसरू नका, पाठाचा जीवच जातो. आत्मचरित्रात ‘तेव्हाचा मी’ आणि ‘आता लिहिणारा मी’ वेगळे काढायला सांगा. क्रियापदांचा काळ बदलतो तिथे बहुतेकदा हा सांधा सापडतो.

उत्तर ३: लेखनाला ‘माझा आवडता…’ छापाचा विषय दिलात तर पाठ केलेले निबंधच येतील. एक वस्तू १० मिनिटं न्याहाळून फक्त निरीक्षणं लिहू द्या. मत शेवटच्या एका वाक्यात. आणि आठवण लिहिताना कुणाचे नेमके शब्द आठवत नसतील तर संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, हे आधीच सांगा.