चित्रपटातल्या नायिकेच्या हातातली लिपस्टिक कुठल्या कंपनीची, हे ओळखायचं कसं?

साजशृंगार_कोल्हापूर:
लघुपटासाठी १९९० सालचं ड्रेसिंग टेबल मांडायचंय. संदर्भासाठी चित्रपट बघतेय, पण हातातली वस्तू दोन सेकंदांत गायब होते आणि लेबल तर दिसतच नाही. कंपनी कशी ओळखायची? आणि ओठांवरून शेड कळते का?

फ्रेमवाला:
शेडचा नाद सोडा, ताई. मेकअपमन बहुतेकदा दोन-तीन रंग पॅलेटवर मिसळून ब्रशनं लावतो. त्यावर लाइटिंग, त्यावर कलर ग्रेडिंग, म्हणजे शूटिंगनंतर संगणकावर रंग बदलणं. तोच लाल पुढच्या सीनला विटकरी दिसतो. हातातली लिपस्टिक नुसती प्रॉपर्टी, म्हणजे सीनपुरती दिलेली वस्तू.

कंपनी कळते ती नळीवरून. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून फुलस्टॉपचं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, कॉमानं मागे. व्हीएलसी प्लेअरमध्ये पुढे जायला 'ई'. क्वालिटी १०८० ठेवा, ४८० वर अक्षरांचा नुसता चिखल होतो. टोपण काढतानाची फ्रेम पकडा. तेव्हा हात क्षणभर स्थिर असतो आणि टोपणाखालचा पट्टा उघडा पडतो. काळी चौकोनी नळी आणि सोनेरी पट्टा असेल तर आधी शनेल तपासा. मॅट काळी, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची असेल तर मॅक. मात्र दोन्हींच्या नकला बाजारात ढीगभर, म्हणून एका खुणेवर शिक्का मारू नका.

ओटीटीवर स्क्रीनशॉट काळा येतो. दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढा.

साजशृंगार_कोल्हापूर:
आरशातला शॉट असेल तर? गूगल लेन्स भलतंच दाखवतंय.

मेकअप_रूम:
फोटो आडवा फ्लिप करा, अक्षरं सुलटी होतील. मग फक्त डबीपुरता क्रॉप करून लेन्सला द्या, नाहीतर ते साडी आणि झुमके विकायला बसतं.

लेबलवर काळी चिकटपट्टी असेल किंवा बोटं नेमकी नावावर असतील तर ते मुद्दाम केलेलं असतं, तिथे आकारावरच भागवायचं. याउलट नाव कॅमेऱ्यासमोर आणि सीन उगाच रेंगाळलेला, तर जाहिरातीचा करार समजा. श्रेयनामावलीत 'आभार' किंवा 'ब्रँड पार्टनर' खाली कंपनी सापडेल.

जुनी_डबी:
१९९० साठी हल्ली काढलेले 'जुन्या काळातले' चित्रपट प्रमाण धरू नका, त्यांच्याच प्रॉपर्टीत घोळ असतात. त्या वर्षी तयार झालेलेच बघा. त्याहून भरवशाच्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती. करवीर नगर वाचन मंदिरात जुने अंक चाळायला मिळतील का, विचारा.

महाद्वार रोडवरून आजचा माल आणणार असाल तर मागची बाजू आधी बघा. ₹ हे चिन्ह २०१० चं, त्याआधी 'रु.' छापायचे. शाकाहारी-मांसाहारीचा ठिपकाही अलीकडचा. फेअर अँड लव्हली १९७५ पासूनची, त्यामुळे चालेल. पण २०२० पासून दुकानात मिळते ती 'ग्लो अँड लव्हली', ती चालणार नाही. बोरोलीन १९२९ पासूनचं आहे, ट्यूब हिरवीच घ्या आणि छापील किंमत आरशाकडे नको, भिंतीकडे ठेवा. आरशात ती हमखास दिसते.